एकाच घरात मायस्थेनिया दोघांना : ताईचा आणि मामाचा आजार एकच का?

उंबरठा | ९ जून, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या मोठ्या बहिणीला २०१४ मध्ये, सव्विसाव्या वर्षी, मायस्थेनिया ग्रॅव्हिस झाला. सुरुवात वेणीपासून झाली. अर्धी वेणी होईपर्यंत हात आपोआप खाली यायचे. आई म्हणायची, आळस, दुसरं काय. मग संध्याकाळ झाली की डावी पापणी उतरायला लागली, सकाळी परत जागेवर. दोन डॉक्टरांनी 'टेन्शन' म्हणून परत पाठवलं. तिसऱ्याने तिला मान न हलवता वर छताकडे बघत राहायला सांगितलं. मिनिटभरात पापणी दुकानाच्या शटरसारखी खाली आली! रक्तात अँटिबॉडी सापडली, छातीतली थायमस ग्रंथी काढली. आज ताई एक-दोन गोळ्यांवर शाळेत पूर्णवेळ शिकवते.

आता या मार्चमध्ये मामा. वय ६९, सिन्नरजवळ शेती. अर्धी भाकरी झाली की जबडा दमतो, हनुवटीखाली हात धरून चावतात. बोलणं नाकातून यायला लागलं. रक्तात अँटिबॉडी तीच. पण डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको, यांचा प्रकार वेगळा, मुळातली जनुकीय ठेवणही वेगळी.

अँटिबॉडी तीच, आजाराचं नाव तेच, मग प्रकार वेगळा कसा? आणि वेगळा असेल तर एकाच घरात दोघांना कसा? ताईची मुलगी सात वर्षांची आहे, तिचं काय? त्यात मामेबहिणीचं जमत आलेलं स्थळ 'तुमच्या रक्तातच आहे म्हणे' असा निरोप पाठवून मागे सरलं. वर एका लॅबचा माणूस घरी येऊन अख्ख्या कुटुंबाचं 'जीन पॅकेज' ३८ हजारांत करून देतो म्हणून गेलाय. आई करायच्या बेतात आहे.

चहाटळ | रात्री १०:२०

३८ हजार त्याला देऊ नका, एवढंच आत्ता सांगतो. बाकी जाणकार सांगतील. वाचनखूण साठवली.

डॉ_अर्धवट | रात्री ११:४५

उंबरठा, आधी ताईंचं कौतुक. मी न्यूरोचाच आहे, पण इथे उपचार सांगणार नाही, समजावून सांगेन.

नस स्नायूला हुकूम देते तो अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनातून. स्नायूवर ते झेलणारे रिसेप्टर असतात. मायस्थेनियात आपलीच प्रतिकारशक्ती त्या रिसेप्टरांवर अँटिबॉडी सोडते. हुकूम जातो, झेलणारे कमी. म्हणून पहिली हालचाल ठीक, दहावी ढिली, आणि विश्रांती घेतली की परत ठीक.

इथवर तुमच्या ताईंचं आणि मामांचं सारखंच. शंभरातल्या ८०-८५ जणांत हीच अँटिबॉडी सापडते. पण ती *का* तयार झाली, ही गोष्ट दोघांत वेगळी असू शकते. ताईंसारखा प्रकार म्हणजे ढोबळमानाने पन्नाशीच्या आतला. यात बायका जास्त, आणि थायमस बहुतेकदा वाढलेली, सुजलेली. कारखाना तिथेच चालू असतो म्हणा, म्हणून ती काढल्याचा फायदा होतो. मामांचा पन्नाशीनंतरचा. यात पुरुष थोडे जास्त, थायमस वयाप्रमाणे सुकून चरबी झालेली. जिथे कारखानाच नाही तिथे काय काढणार? तिसरा प्रकार थायमोमाचा, म्हणजे ग्रंथीत गाठ. दहा-पंधरा टक्क्यांत सापडते, आणि ती मात्र वय काहीही असो, सहसा काढतातच. मामांचा छातीचा सीटी झाला असेलच. नसेल तर आधी तो.

थायमस काढण्याचा फायदा नीट मोजून दाखवणारी मोठी चाचणी २०१६ मध्ये आली. १२६ रुग्ण होते, १८ ते ६५ वयाचे. मामा त्या वयोगटाच्याही बाहेर.

उंबरठा | १० जून, सकाळी ७:०५

सीटी झालाय डॉक्टर, गाठ नाही. 'चरबी झाली आहे' हेच शब्द होते, मला वाटलं वजनाबद्दल बोलतायत 🙈

पोटमाळा | सकाळी ८:३०

माझ्या मेव्हण्याने गहू आणि दूध बंद केलं, सहा महिन्यांत सांधे मोकळे. शेवटी सगळं पोटातूनच सुरू होतं. मामांना करून बघायला काय हरकत आहे?

डॉ_अर्धवट | सकाळी ८:५२

मेव्हण्यांना मायस्थेनिया होता का?

पोटमाळा | सकाळी ९:१०

नाही, आमवात.

चहाटळ | सकाळी ९:११

😂

ग्लासगोकर | दुपारी १:४०

मायस्थेनिया आणि माझं गाव यांचं जुनं नातं आहे, म्हणून राहवत नाही. हा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीचा आजार असावा, हा तर्क १९६० मध्ये इथल्याच जॉन सिम्पसन यांनी मांडला. रिसेप्टरविरुद्धची अँटिबॉडी कोणी पाहिलीही नव्हती तेव्हा. थायमस, बायकांतलं प्रमाण, आईकडून नवजात बाळाला काही आठवड्यांपुरती येणारी अशक्तता, असे धागे जोडून.

आता जनुकांचं. नोकरीमुळे थोडं वाचन आहे, चुकलं तर डॉक्टर कान धरतील.

एचएलए नावाची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात. पेशीच्या दारात ताटं मांडावीत तशी ही प्रथिनं शरीरातले तुकडे प्रतिकारशक्तीसमोर मांडतात. ताटाचा आकार माणसागणिक वेगळा, त्यावर कुठला तुकडा नीट बसतो हेही वेगळं. युरोपातल्या तरुण वयाच्या रुग्णांत बी८ आणि डीआर३ या एचएलए-प्रकारांची जोडी पुन्हा पुन्हा सापडते, १९७० च्या दशकापासून माहीत आहे. २०१२ मध्ये उत्तर युरोपातल्या ६४९ तरुण-वयाच्या रुग्णांचा अख्खा जीनोम चाळला, तेव्हाही बी८ सगळ्यांत वर, जोडीला एचएलएबाहेरची पीटीपीएन२२ आणि टीएनआयपी१ ही जनुकं.

उशिराच्या प्रकारात चित्र बदलतं. नॉर्वेत २०१२ मध्ये उशिराच्या रुग्णांत डीआरबी१*१५:०१ हा एचएलए-प्रकार पुढे आला. अमेरिका-इटलीच्या २०१५ च्या अभ्यासात टीएनएफआरएसएफ११ए हे जनुक फक्त उशिराच्या गटात उजळलं, तरुणांच्यात नाही. आणि मला सर्वांत रंजक वाटलेली गोष्ट फ्रान्सची. ज्या डीआर३ मुळे थायमस वाढलेल्या तरुणांत धोका वाढतो, तेच डीआर३ टायटिन या स्नायूतल्या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी असलेल्या रुग्णांत उलट *कमी* सापडतं. टायटिनवाले म्हणजे बहुतेक उशिराचे किंवा थायमोमाचे. एका घरात जो चोर, तोच दुसऱ्या घरात राखणदार.

म्हणजे तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे, उंबरठा. लक्षणं एका दारातून आली, वाटा वेगळ्या.

बोरूबहाद्दर | दुपारी ३:०५

सगळं छान, पण यातलं सिन्नरला लागू किती? नॉर्वे, फ्रान्स, इटली. आपल्याकडची रक्तं तपासली का कोणी? पीटीपीएन२२ चा जो बदल युरोपात बदनाम आहे तो पूर्व आशियात जवळजवळ नाहीच, म्हणून तिथे मायस्थेनिया होत नाही का? होतो ना.

ग्लासगोकर | दुपारी ३:३०

बोरूबहाद्दर, मुद्दा रास्त. होतो, आणि वेगळ्या जनुकांनी होतो. चीनमध्ये लहान मुलांचा, डोळ्यांपुरता मायस्थेनिया बराच दिसतो, त्यात एचएलए-बी४६ आणि डीआर९ ही नावं येतात, युरोपात ज्यांना कोणी विचारत नाही. उत्तर भारतातलं बी८-डीआर३ सुद्धा युरोपातल्यापेक्षा वेगळ्या घडणीचं आहे. नावं तीच, शेजारची जनुकं वेगळी. म्हणून तर म्हणतो, त्या लॅबवाल्याच्या कागदावर 'बी८ पॉझिटिव्ह' असा लाल ठिपका आला तरी त्याचा अर्थ लावायला युरोपातलं कोष्टक वापरणार, आणि तुम्ही रात्रभर जागणार.

मण्यार | दुपारी ४:५०

आयडीमुळे बोलणं भाग आहे 🐍 अवांतर आहे, संपादकांनी माफ करावं.

आमच्या भागात पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते, दंश दिसतसुद्धा नाही. पहाटे पोटात दुखतं आणि पापण्या उतरलेल्या. ताईंच्या शटरसारख्याच! नागाचं विष तर सरळ त्याच अ‍ॅसिटिलकोलीनच्या रिसेप्टरवर बसतं, म्हणून तिथे ते रसायन टिकवून धरणारं निओस्टिग्मिन उपयोगी पडतं, म्हणजे मायस्थेनियाच्या गोळीचं भावंडच. मण्यारीचं विष बरंचसं नसेच्या टोकावर मारा करतं, तिथे ते फारसं चालत नाही.

आणि गंमत अशी की या आजारात रिसेप्टर कमी होतात हे दाखवलं ते मण्यारीच्या विषानेच. तैवानकडची जात. तिच्या विषातलं एक प्रथिन रिसेप्टरला असं घट्ट चिकटतं की खूण करून मोजता येतं. १९७३ मध्ये अमेरिकेत रुग्णांच्या स्नायूंत असं मोजलं, तर निरोगी माणसाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी. त्या तिघा संशोधकांत एक आडनाव सत्यमूर्ती.

चहाटळ | दुपारी ४:५५

मण्यार, तुमच्यामुळे आज गच्चीवर झोपणार नाही.

मडगांवची | सायंकाळी ७:२०

मी या आजाराची रुग्ण आहे, पण वरच्या दोन्ही गटांत बसत नाही. माझी अँटिबॉडी मस्क या प्रथिनाविरुद्ध. शंभरात पाच-सात जणांचा प्रकार, त्यातही बायकाच जास्त.

माझे हातपाय बरे होते. गिळणं आणि आवाज गेला. पेज नाकातून परत यायची. घरी येणाऱ्यांशी बोलायला लागले की तिसऱ्या वाक्याला आवाज विरायचा, लोकांना वाटायचं रडतेय. पहिल्या अँटिबॉडीची तपासणी निगेटिव्ह आली म्हणून पाच महिने 'मायस्थेनिया नाही' असंच धरून चालले. नेहमीच्या गोळीने फायदा सोडाच, अंगभर स्नायू फडफडायचे आणि पोटात कळा. शेवटी मस्कची तपासणी झाली, रिटुक्सिमॅब हे औषध दिलं. आता रविवारी चर्चच्या गायनात उभी राहते, पहिल्या ओळीत नाही, तिसऱ्या.

डॉक्टरांना विचारायचंय, माझ्या प्रकाराची जनुकं पण वेगळी का? आमच्यात कोणालाच नाही हे.

डॉ_अर्धवट | रात्री ९:३०

मडगांवची, हो, तुमचं खातं वेगळंच आहे. मस्कची अँटिबॉडी २००१ मध्ये सापडली. नेदरलँड्स, इटली, तुर्कस्तान अशा ठिकाणच्या मस्क रुग्णांत एचएलएपैकी डीआर१४ आणि डीक्यू५ ही जोडी दिसली. बी८-डीआर३ चा संबंध नाही. तुमची अँटिबॉडीही जातीने निराळी, आयजीजी४. ती रिसेप्टर जाळत नाही, मस्कचं काम अडवते, त्यामुळे रिसेप्टर एका जागी जमून राहत नाहीत. थायमस तुमच्यात सहसा निर्दोष असते. तुम्हाला कोणी ऑपरेशन सुचवलं नसेल.

मडगांवची | रात्री ९:४१

सुचवलं होतं. मस्कच्या तपासणीच्या आधी. घाबरून मीच नाही म्हटलं. देव बरें करूं!

काठपदर | ११ जून, सकाळी ११:१५

इथे एक वेगळी बाजू सांगते, कारण लोक 'जनुकीय' म्हटलं की सगळं एका गाठोड्यात बांधतात.

माझ्या पुतण्याच्या पापण्या जन्मापासून उतरलेल्या. दूध ओढताना दमायचा. अँटिबॉडी सगळ्या निगेटिव्ह. त्याचे आईवडील मामे-आते भावंडं, आमच्यात मामाची मुलगी करतातच. त्याचा आजार *जन्मजात* मायस्थेनिक सिंड्रोम निघाला. यात प्रतिकारशक्तीचा काही दोष नाही, एकाच जनुकात बिघाड. त्याच्या बाबतीत डॉक७. नेहमीची गोळी दिली तेव्हा पोर आणखी खचलं. जनुक तपासून नाव कळलं, मग साल्ब्युटामॉल सुरू केलं. हो, दम्यातलंच. महिन्या-दोन महिन्यांत जिना चढला. आठव्या पायरीवर थांबला, मागे वळून सगळ्यांकडे बघितलं, मग वर गेला.

तर आम्हाला जनुक तपासणीने आयुष्य दिलं. ३८ हजार ऐकून हसू नका, प्रश्न कुठला आहे ते बघा.

ग्लासगोकर | दुपारी १२:००

काठपदर यांनी जो फरक सांगितला तोच या धाग्याचा गाभा आहे. त्यांच्या पुतण्याला एका जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या, म्हणून आजार. तिथे दिवा लागतो किंवा लागत नाही. ताई-मामांच्या प्रकारात डझनावारी जनुकं थोडीथोडी ढकलतात, वर वय, संप्रेरकं आणि नशीब. एकसारख्या जुळ्यांत एकाला झाला तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण साधारण ३५ टक्के. सगळी जनुकं सारखी असूनही निम्म्याहून जास्त जण सुटतात!

जन्मजात प्रकाराची आणखी एक गोष्ट. सीएचआरएनई या जनुकातला एक ठरावीक बिघाड युरोपातल्या रोमा लोकांत बराच सापडतो, आणि तोच भारत-पाकिस्तानातल्या रुग्णांतही. हजार वर्षांपूर्वी इथून निघाले तेव्हा बरोबर घेऊन गेले.

बोरूबहाद्दर | दुपारी १२:२५

हे वाचून अंगावर काटा आला. माघार नाही, पण काटा आला.

पाचपुतेकाकू | दुपारी २:१०

जनुकं-बिनुकं ठीक. माझा सवाल स्थळाचा आहे. आमच्या वेळी कोड लपवायचे, आता हे. मुलीला काहीच झालेलं नाही तरी बापाचा आजार सांगायचा का? मी म्हणते सांगू नये.

काठपदर | दुपारी २:३०

काकू, सांगावं. लपवून लग्न झालेल्या घरात मी सून आहे.

चहाटळ | दुपारी २:४२

पुढच्या पिढीत वधूवर मेळाव्याच्या फॉर्मवर रास, नाडी, गण, एचएलए. 'मुलगा डीआर१५, पगार अमुक, मंगळ सौम्य.'

पाचपुतेकाकू | दुपारी २:५०

तू आधी स्वतःचा फॉर्म भर.

डॉ_अर्धवट | रात्री १०:५०

उंबरठा यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो, धागा सापांपासून लग्नापर्यंत फिरून आला.

एकाच घरात दोघांना होणं विरळ, पण अनोळखी नाही. घराण्यातून येते ती प्रतिकारशक्ती स्वतःवर उलटण्याची सर्वसाधारण प्रवृत्ती. म्हणून अशा घरांत कोणाला थायरॉइड, कोणाला आमवात, कोणाला कोड असं पसरलेलं दिसतं. सीटीएलए४ सारखी जनुकं अशा बऱ्याच आजारांत सामायिक आहेत. ती जमीन झाली. कुठलं पीक येईल ते एचएलए, वय, थायमस ठरवतात. ताईंची मुलगी निरोगी आहे, तिला आज कुठलीही तपासणी नको. पुढे कधी दोन-दोन दिसलं, पापणी उतरली, तर डॉक्टरांना घरचा इतिहास सांगायचा, एवढंच. मामेबहिणीलाही तेच. तिचा धोका परक्यापेक्षा किंचित जास्त, पण लग्न मोडावं असा अजिबात नाही.

आता जनुक तपासायचंच असेल तर मामांचं तपासा, आणि कारण वेगळं. स्टेरॉइडबरोबर त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारं अ‍ॅझाथायोप्रिन सुरू करणार असतील. काही जणांत ते औषध नीट निचरत नाही आणि पांढऱ्या पेशी धडाधड खाली येतात. त्यामागे टीपीएमटी आणि एनयूडीटी१५ ही जनुकं असतात. युरोपीयांत पहिलं महत्त्वाचं, आपल्याकडे दुसऱ्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. साधी, स्वस्त तपासणी आहे, ३८ हजारांच्या जवळपासही नाही. डॉक्टरांना विचारा. तपासणी केली तरी सुरुवातीला रक्त वेळोवेळी बघायचंच.

आणखी एक, हे सर्वांनी लिहून ठेवा. मायस्थेनियाच्या माणसाला तापात कोणी जेंटामायसिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातलं औषध, मॅग्नेशियमचं सलाईन देण्याआधी आजार सांगा. श्वास अडकू शकतो. मामांच्या खिशात चिठ्ठी ठेवा.

पोटमाळा | रात्री ११:०५

गहू-दुधाचा प्रतिसाद मागे घेतो.

उंबरठा | २ जुलै, रात्री ९:१५

मंडळी, उशिरा लिहितेय, पेरणीच्या गडबडीत होतो.

लॅबवाल्याला नको सांगितलं. आई नाराज होती. ताईने तिला जवळ बसवून सांगितलं, 'आई, माझा आणि दादामामाचा आजार म्हणजे एकाच आडनावाची दोन घरं.' आईला ते पटलं, आता ती शेजारणींना सांगत सुटलीय. मामांची एनयूडीटी१५ ची तपासणी केली, त्यात एक प्रत बदललेली निघाली. डॉक्टरांनी अ‍ॅझाथायोप्रिनचा डोस पहिल्यापासूनच कमी ठेवला आणि दर आठवड्याला रक्त बघतायत. डॉ_अर्धवट, तुम्ही लिहिलं नसतं तर आम्ही विचारलंच नसतं.

खिशातली चिठ्ठी मामींनी प्लास्टिकच्या पिशवीत शिवून दिलीय, शेतात भिजायला नको म्हणून. मामेबहिणीने नव्या स्थळाला पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं. मुलगा म्हणाला, माझ्या आईला थायरॉइड आहे, मग आपलं बरोबरीचं झालं.

पाचपुतेकाकू | रात्री ९:३०

मुलगा बरा वाटतोय. पुढचं कळव.

मडगांवची | रात्री ९:३४

मामांना गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायला सांगितलीय ना? मला कोणी सांगितलं नव्हतं, मी जेवून घ्यायचे. चघळायची ताकद गोळीनंतर येते, जेवणानंतर नाही.

उंबरठा | रात्री ९:५०

हो, त्यांनी गोळीची वेळ विहिरीच्या मोटरशी जोडलीय. मोटर बंद केली की गोळी, हातपाय धुतले, जनावरांना पाणी दाखवलं की ताट.

चहाटळ | रात्री ९:५२

आणि भाकरी? अर्धीच?

उंबरठा | रात्री ९:५५

काल दीड. हनुवटीला हात न लावता.